वार्धक्यातील रोगप्रतिकारशक्ती व यकृताचे कार्य

वाढत्या वयाबरोबर रोगप्रतिकारशक्ती क्षीण होणे आणि औषधांवर प्रक्रिया करण्याची यकृताची क्षमता मंदावणे, हे वार्धक्यातील दोन महत्त्वाचे शारीरिक बदल होत.

प्रतिकारशक्ती

छातीतील थायमस ग्रंथीत टी-पेशी परिपक्व होतात. पौगंडावस्थेनंतर ही ग्रंथी आक्रसत जाते व तिची जागा मेद घेतो. परिणामी नव्या रोगजंतूंना ओळखणाऱ्या पेशी कमी पडतात आणि लसींचा प्रभावही घटतो. म्हणूनच काही देशांत ६५ वर्षांवरील व्यक्तींना इन्फ्लुएन्झाची अधिक मात्रेची लस दिली जाते. याउलट, शरीरातील सौम्य दाह मात्र वाढून टिकून राहतो. इ.स. २००० मध्ये क्लाउडिओ फ्रान्चेस्की व सहकाऱ्यांनी या अवस्थेस ‘इन्फ्लमेजिंग’ ही संज्ञा दिली.

यकृत

वयोमानानुसार यकृताचे आकारमान सुमारे २० ते ४० टक्क्यांनी घटते. रक्तपुरवठाही कमी होतो. ऑक्सिडीकरणाने विघटित होणारे डायझेपाम त्यामुळे वृद्धांच्या शरीरात अधिक काळ राहते. ग्लुक्युरोनिक आम्लाशी संयोग पावून बाहेर पडणाऱ्या लोराझेपामच्या बाबतीत हा फरक अल्प असतो. यकृताच्या नेहमीच्या रक्तचाचण्यांत ही घट सहसा दिसून येत नाही. म्हणून वृद्धांना अनेक औषधे कमी मात्रेने सुरू करून ती सावकाश वाढवण्याचा वैद्यकीय संकेत आहे.