पत्रिका हजार, पानं सहाशे
यंत्राच्या पोटात : भाग ९

मागच्या आठवड्यात आपण मेमरीची पानं मोजली, एकेक ४०९६ बाइटचं. आज पंगतीतली पानं. लिनक्सचा कर्नल मेमरी वाटतो ते पाहून मला लग्नघरच आठवतं. पत्रिका हजार वाटायच्या, स्वयंपाक सहाशे पानांचा करायचा. सगळे कुठे येतात?

प्रोग्रॅमनं २ जीबी मागितले की कर्नल 'घे' म्हणतो आणि हातावर काहीच ठेवत नाही. त्या जागेत प्रोग्रॅम पहिल्यांदा काही लिहायला जातो तेव्हा कुठे एकेक पान मांडलं जातं. बहुतेक प्रोग्रॅम मागतात फार आणि वापरतात थोडं, म्हणून हे ओव्हरकमिट एरवी खपून जातं. पंचाईत होते ती सगळे पाहुणे एकदम हजर झाल्यावर. तेव्हा 'नाही' म्हणायची वेळ गेलेली असते. मग ओओएम किलर येतो आणि पंगतीतून एकाला उठवतो, साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्याला.

आमच्या एका ग्राहकाचा ८ जीबीचा सर्व्हर होता, त्यावर पोस्टग्रेस. आठवड्यातून एकदोनदा पहाटे तीनला डेटाबेस पडायचा. त्याच्या लॉगमध्ये एवढंच, की एक प्रोसेस सिग्नल ९ नं संपली. आम्ही दोन आठवडे पोस्टग्रेसचीच सेटिंग उसवत बसलो. कर्नलचा लॉग उघडायचं सुचलं तेव्हा 'आउट ऑफ मेमरी' आणि 'किल्ड प्रोसेस' हे शब्द समोर आले. मेमरी फस्त करत होती तीनला क्रॉनमधून सुटणारी रिपोर्टची पायथन स्क्रिप्ट. पण अंगानं मोठा डेटाबेस, म्हणून मार त्याला. त्यातून पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मेली, की सामाईक मेमरी बिघडली असेल या धास्तीनं मुख्य प्रोसेस बाकीची कनेक्शनंही तोडते आणि रिकव्हरीला बसते.

यावरची कळ म्हणजे व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी. ० हे मूळ सेटिंग : अवाच्या सवा मागणी तेवढी नाकारायची. १ म्हणजे कुणालाच नाही म्हणायचं नाही. २ म्हणजे हिशेबाला पक्का. यात मर्यादा ठरते ती स्वॅप अधिक रॅमचा काही टक्के भाग, आणि तो टक्का मुळात ५० असतो. आमच्याकडे स्वॅप २ जीबी, म्हणजे एकूण ६. लोक २ लावतात, टक्क्याला हात लावत नाहीत आणि मग 'मेमरी मोकळी दिसते तरी मिळत नाही' म्हणून डोकं धरून बसतात. आम्ही टक्का ८० केला, मर्यादा ८.४ जीबीवर गेली. पुढच्या वेळी पडली ती स्क्रिप्ट, मेमरीएरर देऊन. पोस्टग्रेसलाही या व्यवस्थेत कधी नकार मिळतो, पण तेव्हा ती एक क्वेरी फसते, सर्व्हर उभा राहतो.

म्हणून २ सगळीकडे लावावं? रेडिसला विचारा, तो १ मागतो. डेटा डिस्कवर उतरवताना तो स्वतःची फोर्कनं दुसरी प्रत काढतो. कोणी काही बदलेपर्यंत दोघांची पानं एकच असतात, पण कागदावर ५ जीबीचे १० होतात. हिशेबी कर्नल फोर्कच नाकारतो आणि डेटा उतरत नाही. दोन नावाजलेले डेटाबेस, दोघांचे सल्ले उलटे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. मी त्यांना एका मशीनवर ठेवत नाही.

ठेवावेच लागले तर अख्ख्या मशीनची कळ न फिरवता उनाड स्क्रिप्टलाच आवरावं. तिच्या आधी यूलिमिट -व्ही १५७२८६४ लिहिलं की दीड जीबीला कुंपण, आकडा केबीत. यूलिमिट -एमच्या नादी लागू नका, आजचा लिनक्स तो आकडा निमूट ऐकून घेतो आणि पाळत नाही. मात्र यूलिमिट -व्ही मोजतं त्या पत्रिका. जावा आधीच भरमसाट पत्ते राखून ठेवते, त्यामुळे या कुंपणात ती कित्येकदा सुरूच होत नाही. मांडलेली पानं मोजायची तर सीग्रुप लागतात, ते पुढच्या आठवड्यात.