व्हॉल्व्हचा माइक घ्यावा का?



गटाची गाणी, जात्यावरच्या ओव्या, आजीबाईंच्या आठवणी आपल्याच गावात रेकॉर्ड करायच्या, असं आता काही गट ठरवतात. माइक घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार एक देखणा, जाडजूड माइक पुढे करतो. "हा घ्या, ट्यूब कंडेन्सर. मोठ्या स्टुडिओसारखा आवाज, तोही स्वस्तात." पैसे गटाच्या बचतीतले, म्हणून आधी या माइकची ओळख करून घेऊ.

ही ट्यूब म्हणजे घरातली ट्यूबलाइट नव्हे. जुन्या लाकडी रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे. ते तापल्याशिवाय आवाज यायचा नाही. तसाच एक छोटा व्हॉल्व्ह या माइकच्या पोटात असतो.

आता कंडेन्सर म्हणजे काय? माइकच्या जाळीमागे केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो. त्यावर बहुधा सोन्याचा मुलामा दिलेला असतो. पडद्यामागे अगदी जवळ धातूची तबकडी असते. दोघांमध्ये विजेचा भार ठेवलेला असतो. आपण बोललो की पडदा थरथरतो, तबकडीपासूनचं त्याचं अंतर कमीजास्त होतं आणि त्याप्रमाणे विजेचा संकेत तयार होतो. हा संकेत इतका नाजूक असतो की लांब वायरीतून तो तसाच पाठवता येत नाही. म्हणून माइकच्या आतच त्याला बळ द्यावं लागतं. ते काम व्हॉल्व्ह करतो.

जर्मनीतल्या नॉयमन कंपनीचा यू ४७ हा असा माइक १९४९ साली आला आणि गायनासाठी नावाजला गेला. चांगल्या स्थितीतल्या जुन्या यू ४७ची किंमत आज लाखांत आहे. त्याच कंपनीचा १९६७चा यू ८७ मात्र व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालतो, आणि तोही जगभरच्या स्टुडिओंत वापरला जातो. म्हणजे चांगल्या आवाजाला व्हॉल्व्ह लागतोच असं नाही. व्हॉल्व्हमुळे आवाजाला किंचित भरीवपणा येतो, पण आवाजाचं बरंचसं रूप पडदा आणि त्याभोवतीची बांधणी ठरवते. व्हॉल्व्हचे स्वस्त माइकही आता मिळतात. पण नुसता व्हॉल्व्ह आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

खरी गोष्ट पुढेच आहे. कंडेन्सर माइक सगळं ऐकतो. पत्र्यावरचा पाऊस, पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, भिंतीवरून परतणारा आवाज, सगळं त्यात उतरतं. खोली मोकळी आणि घुमणारी असेल, तर महाग माइक तो घुमाराच जास्त स्पष्ट दाखवेल. म्हणून आधी खोली तयार करा. भिंतींवर गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा, पंखा बंद ठेवा. शेतात, मोर्च्यात, बाजारात बोलणं टिपायचं असेल तर साधा डायनॅमिक माइकच बरा. तो दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही, आणि तोंडाजवळ धरला की आजूबाजूचा गोंगाट कमी येतो.

खर्चही पूर्ण मांडा. साध्या कंडेन्सरला रेकॉर्डिंगच्या यंत्रातून ४८ व्होल्ट वीज मिळते. व्हॉल्व्हच्या माइकसोबत मात्र विजेचा वेगळा डबा आणि त्याची खास वायर येते. डबा किंवा वायर नसलेला जुना माइक घेऊ नका. डब्याला चांगलं अर्थिंग हवं. तो डबा कधीही उघडू नका, आत धोकादायक व्होल्टेज असू शकतं. आधी सगळ्या वायरी जोडा, मग बटण चालू करा आणि माइक दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. काढतानाही आधी बटण बंद, मग वायर. स्टँड आणि कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र यांचे पैसे वेगळे धरा.

दुकानात फुंकर मारून किंवा टिचकी वाजवून माइक तपासू नका, त्याने पडदा खराब होऊ शकतो. त्यापेक्षा गटातल्या एकीने तीच ओवी, तेवढ्याच अंतरावरून, व्हॉल्व्हच्या आणि साध्या कंडेन्सर माइकवर म्हणावी. बाकीच्यांनी कोणता माइक कोणता हे न सांगता हेडफोनवर ऐकावं. फरक कळला नाही तर साधा घ्या. कोणी बोलत नसताना मागे 'सर्र' आवाज किती येतो, तेही ऐका.

वापरताना माइक तोंडापासून वीतभर दूर ठेवा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा झोत बसतो. त्यासाठी भरतकामाच्या रिंगला जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा आणि माइकपुढे धरा. काम झालं की माइक थंड होऊ द्या, मग पेटीत ठेवा. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. पडदा दमट झाला की तडतड सुरू होते.

तेव्हा मैत्रिणींनो, क्रम असा ठेवा: आधी शांत खोली, मग एक चांगला साधा माइक. म्हाताऱ्या बायांच्या ओव्या वर्षानुवर्षं जपायच्या आहेत, खोली तयार आहे आणि कानाला फरक पटला आहे, असं असेल तरच व्हॉल्व्हचा माइक घ्या. पण त्याची वाट बघत बसू नका. माइक पुढच्या वर्षीही मिळेल, ओव्या म्हणणारी आजी तेव्हा असेलच असं नाही. आज हातात मोबाइल असेल तर मोबाइलवर, पण रेकॉर्डिंग आजच सुरू करा.