विश्लेषण : लिनक्समध्ये ‘सी ड्राइव्ह’ का नसतो? कर्जतच्या सातबाऱ्यावरून समजून घ्या

महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहायचा असेल तर नुसते ‘कर्जत’ सांगून भागत नाही. कर्जत तालुका रायगडमध्ये आहे, तसाच अहिल्यानगरमध्येही आहे. म्हणून आधी महसूल विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक. लिनक्स ही मुक्त संगणक प्रणालीही फाइल अशीच शोधते.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना लॅपटॉप भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘सी ड्राइव्ह कुठे गेला?’

तो नसतोच. लिनक्समध्ये सगळ्या डिरेक्टरी एकाच मुळापासून फुटतात. त्याला ‘रूट’ म्हणतात, खूण फक्त एक तिरपी रेघ. पेनड्राइव्ह लावला तरी नवे अक्षर उगवत नाही. तो याच झाडाची फांदी होतो, बहुधा ‘मीडिया’खाली.

पत्ता चुकला तर?

‘/कोकण/रायगड/कर्जत’ हा पूर्ण पत्ता. कुठूनही द्या, पोहोचाल तिथेच. खालापुरात उभे असाल तर ‘../कर्जत’ एवढेही पुरते. दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर, इथे रायगड. पण हाच छोटा पत्ता जामखेडमधून दिलात तर थेट अहिल्यानगरच्या कर्जतला जाल. टर्मिनलमधून फाइल पुसताना नवखे इथेच फसतात. ‘आरएम’ आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच!

तुमचे काय, यंत्राचे काय?

कोणत्या डिरेक्टरीत काय ठेवायचे, याचे मानक १९९४ पासून आहे, त्याची ३.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. ‘ईटीसी’त प्रणालीच्या सेटिंग्ज, ‘व्हार’मध्ये नोंदी, ‘टेम्प’मध्ये तात्पुरत्या फायली. ‘यूएसआर’ नावावरून वापरकर्त्याचे वाटते, पण तिथे असतात प्रोग्रॅम. तुमचे फोटो, कागदपत्रे ‘होम’मध्ये. लिनक्स टाकतानाच ‘होम’साठी वेगळे विभाजन केले, तर पुढे प्रणाली नव्याने टाकताना ते फॉरमॅट न करता तसेच ठेवता येते. बॅकअप मात्र घ्याच. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवर बेतलेली असल्याने तिथेही हीच रचना दिसते.

मोबाइलमध्येही लिनक्स?

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. म्हणून मेमरी कार्ड नसलेल्या फोनमध्येही ‘/एसडीकार्ड’ हा पत्ता दिसतो. तो निव्वळ दिशादर्शक फलक, फोनच्या अंतर्गत साठ्याकडे नेणारा. मोबाइलवर उतरवलेला सातबारा बहुधा त्याखालच्या ‘डाउनलोड’मध्येच सापडतो.