पी.पी. नंबरवरची वेबसाइट

व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबरापुढे ‘पी.पी.’ असे छापलेले अनेकांना आठवत असेल. फोन शेजाऱ्यांचा, आपल्याला कोण हवे ते करणाऱ्याने सांगायचे. नाव कळले नाही, तर ज्याने फोन उचलला तोच बोलत राहायचा. एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट ठेवणाऱ्यांना छळणारा बिघाड नेमका असाच असतो. पत्ता टाकावा एका साइटचा आणि उघडावी भलतीच!

डीएनएस म्हणजे इंटरनेटची डिरेक्टरी. ती साइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी क्रमांक सांगते. सुरुवातीच्या एचटीटीपीत ब्राउझर त्या क्रमांकावर जाऊन फक्त ‘अमुक पान दे’ एवढेच म्हणे. कोणत्या साइटचे, ते सांगतच नसे. त्यामुळे दर साइटला वेगळा आयपी लागे, आणि जुन्या पद्धतीचे हे क्रमांक एकूण सुमारे 429 कोटीच. 1997 साली आलेल्या एचटीटीपी 1.1ने ‘होस्ट’ या ओळीत साइटचे नाव सांगण्याची सक्ती केली.

पण ते नाव सर्व्हरच्या यादीत नसेल तर? अपाची किंवा एंजिनएक्स हे सर्व्हर ‘असे कोणी इथे राहत नाही’ असे सहसा म्हणत नाहीत. वेगळे काही सांगितले नसेल, तर यादीतली पहिली साइट पुढे करतात. डेबियन, उबुंटूवर अपाची साइटच्या मांडणीच्या फायली वर्णक्रमाने वाचतो. म्हणूनच मूळ फायलीच्या नावाआधी 000 असते. नुसते नाव नोंदवून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सहचे राहिले, की पाहुणा थेट पहिल्या घरात. अपाचीत आणखी एक खोच आहे. एका साइटपुढे नेमका आयपी आणि बाकीच्यांपुढे ‘कोणताही’ या अर्थाची चांदणी लिहिली, तर त्या आयपीवरची सगळी वर्दळ ती एकटीच गिळते. नावे तपासण्याची वेळच येत नाही.

एचटीटीपीएसमध्ये ‘होस्ट’ची ओळ कुलूपबंद असते, पण प्रमाणपत्र तर कुलूप लागण्याआधीच दाखवावे लागते. त्यासाठी 2003मध्ये एसएनआय ही सोय ठरली: साइटचे नाव ब्राउझरने पहिल्याच निरोपात सांगायचे. दुसरी साइट साध्या एचटीटीपीच्या पोर्ट 80वर नोंदवली आणि एचटीटीपीएसच्या 443वर राहून गेली, तर पहिलीचे प्रमाणपत्र पुढे येते आणि ब्राउझर धोक्याचा इशारा देतो.

म्हणून शोध क्रमाने घ्यावा. नाव याच आयपीवर येते का? सर्व्हरने स्वतः काय वाचले आहे? ‘अपाचीसीटीएल’ला मोठा ‘एस’ जोडला की तो पहिल्या साइटसकट सगळी यादी मांडतो. एंजिनएक्समध्ये मोठा ‘टी’ सगळी मांडणी छापतो. बदल केल्यावर सर्व्हरला फायली पुन्हा वाचायला लावल्या का? आणि तपासणी ‘कर्ल’ या आज्ञेने करावी, कारण 301चा ‘कायमचा’ वळसा ब्राउझर लक्षात ठेवतो आणि दुरुस्तीनंतरही जुन्याच दारी नेतो.

खरा उपाय मात्र पहिल्या जागेवर आहे. तिथे आपली लाडकी साइट नको. एंजिनएक्समध्ये 444 हा खास संकेत दिला, की तो उत्तर न देता जोडणी तोडतो. थोडक्यात, ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवणारा शेजारी दारात बसवावा. मग चूक लपत नाही.