बाजाराला कोण जातं?

रायगड जिल्ह्यातल्या एका वीटभट्टीवरून त्या कातकरी कुटुंबाला सकाळीच सोडवून आणलं होतं. नवरा-बायको बाकाच्या कडेला टेकली होती. तिन्ही पोरं खाली फरशीवर. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडलेला. जबाब सुरू झाला तेव्हा एका संघटनेच्या कार्यकर्त्यांबरोबर मी मागे बसले होते.

"तुम्हाला तिथे डांबून ठेवलं होतं का?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

"नाय."

"मारहाण?"

"नाय, सायेब."

पेन थांबलं. माझ्या पोटात गोळा आला. इथेच जबाब संपतो आणि 'मजूर स्वखुशीने कामावर होते' एवढीच नोंद उरते, हे मी पाहिलेलं आहे.

हे साहेब मात्र उठले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बाजाराला कोण जातं?"

बाई पहिल्यांदाच बोलली. "कधी हा, कधी मी."

"दोघं मिळून?"

"दोघं गेलो तं पळू, म्हणं शेठ. एकानं रहाचं. पोरां पण तिथंच."

कुलूप होतं ते हे.

मग एकेक धागा सुटत गेला. घरात आजारपण निघालं म्हणून दिवाळीनंतर बयाणा घेतलेला. घेतला किती, ते बाईला तोंडपाठ. फिटला किती, ते फक्त मालकाच्या वहीला ठाऊक, आणि वही वाचता येईल असं घरात कुणी नाही. मध्यरात्र उलटली की माती तुडवायला उठायचं, ऊन चढेपर्यंत विटा थापायच्या. मजुरी हजार विटांच्या भावानं ठरलेली, पण हातात पडते ती आठवड्याची खर्ची. अवकाळी पावसानं कच्च्या विटा विरघळल्या, तर त्या मजुराच्या खात्यातून वजा. पावसाळ्याच्या तोंडावर हिशोब होतो, काहीतरी बाकी निघतेच, आणि ती फेडायला पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच भट्टी.

वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं संपवली. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं म्हणजे सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली सांगितलं. माणसाला भूकही बांधून घालते, हे तेव्हाच मान्य झालं. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. तरी टेबलापाशी पुरावा मागितला जातो तो मजुराकडे, आणि याचा मला दरवेळी तितकाच संताप येतो. नाडलेल्या माणसाला पैशाच्या जोरावर असं नेऊन राबवणं मानवी तस्करीतही मोडू शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 त्यासाठीच आहे. पण कलम लागायचं तर आधी प्रश्न बरोबर विचारावा लागतो.

प्रांताधिकाऱ्यांच्या सहीनं मुक्ती प्रमाणपत्र निघालं, की केंद्राच्या योजनेतून 30 हजारांपर्यंत तातडीची मदत मिळू शकते. पुनर्वसनाची मोठी रक्कम, म्हणजे पुरुषाला 1 लाख आणि बाईला किंवा मुलाला 2 लाख, आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली. खटला रेंगाळतो. आधारवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नाही, म्हणून पहिली मदतसुद्धा अडते. तोवर पाऊस येऊन जातो, दिवाळी येते, आणि मुकादम वाडीवर हजर होतो, रोख पैसे घेऊन.

जबाब वाचून दाखवल्यावर साहेबांनी सांगितलं, "बयाणा आता फेडायचा नाही. कायद्यानं तो संपला."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "सगला?"

"सगळा."

"मंग माझा हंडा?"

बयाण्यापोटी शेठनं तो ठेवून घेतला होता. कर्जाच्या वसुलीसाठी हिसकावलेली वस्तू परत करायची, हे त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिलेलं आहे. साहेबांनी मिटलेलं पेन पुन्हा उघडलं.

"कसा होता?"

"पितळंचा," ती म्हणाली, "बुडाला डाग दिलेला."

त्यांनी तसंच लिहिलं.