कोण किती वीज खातं?

उन्हाळ्याचं बिल हातात पडलं की घरोघरी संशयितांची यादी निघते. एसी, फ्रिज, गिझर, पोरांचा रात्रभर चालणारा कॉम्प्युटर. आणि ‘मीटरच पळतोय’ म्हणणारा एक तरी जण घरात असतोच. या संशयावर उतारा म्हणून बाजारात आता तऱ्हेतऱ्हेची यंत्रं मिळतात. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा वॅटमीटर, तारेला चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर, मोबाइलवर आकडे धाडणारा स्मार्ट प्लग, एमसीबीच्या पेटीत बसवायचा छोटा मीटर. यातलं काय घ्यावं, हे लोक किंमत आणि ॲप पाहून ठरवतात आणि तिथेच फसतात. त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. यंत्र नुसते अँपिअर मोजून अंदाज बांधतं की खरे वॅट मोजतं? आणि एखाद्या उपकरणाने दिवसभरात किती युनिट खाल्ले, याची बेरीज ते धरून ठेवतं का? या कसोट्या लावल्या की मध्यमवर्गीय घरासाठी निवड सोपी होते: सोळा अँपिअरचा, स्वतःचा पडदा असलेला साधा प्लग-वॅटमीटर. अख्खं घर मोजणारं यंत्र विकत घ्यायची गरज बहुतेकांना नाही, कारण ते भिंतीवर आधीच टांगलेलं आहे.

वीज कंपनीच्या या मीटरकडे आपण महिन्यातून एकदा, तेही दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच बारीक अक्षरांत ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर हा आकडा १६०० किंवा ६४०० असतो. अर्थ असा, की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट खर्च झालं. मिनिटाला एक लुकलुक म्हणजे घरात सुमारे १९ वॅट चालू आहेत. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा एकटाच चालू ठेवला तर पाच मिनिटांत वीस लुकलुकी मोजता येतील. तीस वॅटचा बीएलडीसी पंखा असेल तर आठ. छताच्या पंख्याला प्लग नसतो, त्यामुळे त्याच्या मोजणीला प्लग-मीटर उपयोगी नाही, हीच पद्धत कामाची. इमारतीतले मीटर तळमजल्यावर एका ओळीत असतात, तेव्हा एकाने खाली उभं राहायचं आणि दुसऱ्याने वर स्विच दाबत फोनवर बोलायचं, एवढीच काय ती यातायात. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टर सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत असेल, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवर आणखी कुणाचं तरी काही चालतंय. मेन स्विच पाडूनही तो थांबला नाही, तर दोष मेन स्विचच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला आहे, आणि तिथे वीज कंपनीलाच बोलवावं लागतं.

आता अँपिअरचा मुद्दा, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते. घरगुती ग्राहकाला बिल येतं ते किलोवॅट-अवरचं, म्हणजे खऱ्या खर्ची पडलेल्या विजेचं. क्लॅम्प मीटर तारेतला प्रवाह मोजतो. त्यातली स्वस्त यंत्रं तो प्रवाह २३० व्होल्टने गुणून ‘वॅट’ म्हणून दाखवतात. गिझर किंवा इस्त्री असेल तर हा गुणाकार बराचसा बरोबर येतो. पण सेट-टॉप बॉक्स, साधा एलईडी बल्ब, मोटर यांच्या बाबतीत प्रवाह आणि दाब एका तालात नसतात; या तालाच्या मापाला पॉवर फॅक्टर म्हणतात. ०.१ अँपिअर घेणारा बॉक्स २३ वॅटचा वाटतो, पण त्याचा पॉवर फॅक्टर ०.५ असेल तर खरा खर्च साडेअकरा वॅटच. शिवाय संध्याकाळी दाब २३० वरून २१० वर घसरणाऱ्या गावात तो ठरीव गुणाकार आणखीच चुकतो. क्लॅम्प लावतानाही एक मेख आहे. तो दोन्ही तारांभोवती मिळून लावला तर फेज आणि न्यूट्रलचे प्रवाह एकमेकांना काटतात आणि पडद्यावर शून्य दिसतं. एकच तार वेगळी काढायची तर एक्स्टेंशनची वायर सोलावी लागते किंवा पेटी उघडावी लागते, आणि हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे, हौशी माणसाचं नव्हे.

याच अँपिअरच्या आधारावर एक धंदाही चालतो. हिरवा दिवा असलेली, प्लगमध्ये खोचायची ‘वीज बचत’ डबी बाजारात मिळते आणि विकणारा ‘बिल तीस टक्क्यांनी उतरेल’ म्हणतो. तो प्रात्यक्षिकही दाखवतो: मोटर चालू, डबी खोचली आणि क्लॅम्पवरचे अँपिअर खरंच उतरले! डबीत बहुधा एक कपॅसिटर असतो. तो पॉवर फॅक्टर सुधारतो, म्हणून प्रवाह कमी होतो, पण मोटर खर्च करते ते वॅट जिथल्या तिथेच राहतात. घरगुती बिलाला त्या घसरलेल्या अँपिअरशी काही देणंघेणं नाही. खरे वॅट दाखवणारा मीटर त्याच जागी लावला असता तर खेळ जागच्या जागी संपला असता.

म्हणून प्लग-वॅटमीटर घेताना त्याच्या पडद्यावर वॅट, व्होल्ट, पॉवर फॅक्टर आणि एकूण युनिट ही चारही मापं आहेत ना, हे पाहावं. वीज गेली तरी बेरीज पुसली जाऊ नये. दहा अँपिअरवाला थोडा स्वस्त पडतो, पण तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तेरा अँपिअर घेतो, तेव्हा सोळाचाच घ्यावा. पिना आपल्या सॉकेटच्या, म्हणजे तीन गोल जाड पिना, असाव्यात; परदेशी पिनांचा मीटर कन्व्हर्टर लावून गिझरला जोडणं म्हणजे सॉकेट वितळण्याला आमंत्रण. शिवाय, अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला तिथला प्रसिद्ध ‘किल अ वॅट’ आणायला सांगू नये. तो तिथल्या १२० व्होल्टसाठी बनलेला आहे, आपल्या २३० व्होल्टवर चालणार नाही. प्लग-वॅटमीटरला चार-पाच वॅटच्या खालचं खाणं नीट मोजता येत नाही, पण मोबाइलच्या चार्जरवरून बिल चढत नसल्यामुळे त्याने फारसं बिघडत नाही.

मोजायचं कसं, यात खरी मेख आहे. फ्रिजला मीटर लावून पाच मिनिटं पाहिलं तर हाती येईल तो आकडा निरर्थक. कॉम्प्रेसर चालू असताना शंभर-सव्वाशे वॅट, बंद असताना जवळजवळ शून्य, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मधूनच बर्फ वितळवणारा हीटर लागतो तेव्हा दोनशेच्याही वर. पूर्ण चोवीस तास, शक्यतो दोन-तीन दिवस, लावून ठेवावं आणि युनिटची बेरीज पाहावी. बीईईच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. तिथे २५० असेल तर दिवसाला ०.७ युनिट पडायला हवेत. प्रत्यक्षात दोन येत असतील तर दाराचं रबर सैल झालंय, मागे भिंत खेटलीय किंवा फ्रिजचं वय झालंय. गिझरचंही असंच. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतात. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात कुठल्याही कंपनीची हुशारी चालत नाही. त्यापेक्षा जास्त जे जातं ते गिझर दिवसभर चालू ठेवल्याने भांड्यातून झिरपणाऱ्या उष्णतेपायी. नळ न उघडता एक दिवस गिझर चालू ठेवला की तो झिरपा थेट युनिटमध्ये वाचता येतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे: नुसतं मोजल्याने बिल कमी होतं का? ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ मध्ये तोवरच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा वापर थेट डोळ्यांसमोर दिसत राहिल्यास ५ ते १५ टक्के बचत होते असा निष्कर्ष निघाला होता. पुढे ब्रिटनमध्ये हजारो घरांवर केलेल्या मोठ्या चाचण्यांत, स्मार्ट मीटरसोबत घरात पडदा देऊनही, बचत जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास भरली. तीनशे युनिटच्या घरात तीन टक्के म्हणजे नऊ युनिट. त्यापायी भिंतीवर कायमचा पडदा कोण लावेल? हा आक्षेप मला पटतो आणि म्हणूनच घरभर पाहत राहणाऱ्या यंत्राच्या मी विरोधात आहे. नवलाई दोन महिन्यांत ओसरते. टिकणारी बचत येते ती एखाद्या निर्णयातून. जुना पंखा बदलला तर रोज बारा तासांच्या वापरावर महिन्याला सोळा युनिट वाचतात, मग कुणी पडद्याकडे पाहो न पाहो. आणि हे सोळा युनिट सरासरी दराने मोजू नयेत. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला पायऱ्या आहेत. महिना ३२० युनिट जाळणाऱ्याचे वाचलेले युनिट त्याच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या, महागड्या पायरीवरून निघतात. त्यावरचा वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार मात्र काहीही केलं तरी हलत नाही.

दुसरा आक्षेप स्मार्ट मीटरचा. वीज वितरण सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस योजनेत देशभर पंचवीस कोटी स्मार्ट मीटर बसवायचं लक्ष्य ठेवलं होतं. महाराष्ट्रातही ते बसत आहेत आणि त्यावरून वादही झडत आहेत. ते आले की ॲपवर दर काही मिनिटांचा वापर दिसेलच, मग हा खटाटोप कशाला? कारण ॲपवर दिसते ती घराची बेरीज. पहाटे तीन वाजता दोनशे वॅट जात आहेत, हे स्मार्ट मीटर सांगेल; ते इन्व्हर्टरपायी जातात की फ्रिजपायी, हे प्लग-मीटरच सांगेल. वाय-फायवाल्या स्मार्ट प्लगने हे काम होतं, नाही असं नाही, पण तो स्वतः चोवीस तास थोडी वीज खातो आणि कंपनीने सर्व्हर बंद केला की त्याचे आकडे थांबतात. दूरवरच्या घरातला पंप मोबाइलवरून बंद करायचा असेल, तरच त्याचे जादा पैसे देण्यात अर्थ आहे.

खरं तर प्लग-मीटरही प्रत्येक घरात असण्याची गरज नाही. एका बिऱ्हाडाची फ्रिज, गिझर, टीव्हीची मोजणी आठवड्यात आटोपते, आणि मग तो खणात पडून राहतो. अमेरिकेत कित्येक सार्वजनिक वाचनालयं पुस्तकांसारखे वॅटमीटर आठवडाभर उसने देतात. आपल्याकडे सोसायटीच्या कार्यालयात एक ठेवला आणि वहीत नोंद करून आठ-आठ दिवस फिरवला, तर शंभर बिऱ्हाडांत त्याची किंमत प्रत्येकी दहा-वीस रुपयांच्या वर जाणार नाही. मे महिन्यात, एसी लागतात तेव्हा, त्यासाठी नंबर लावावा लागेल इतकंच.