नऊ विमानं, एकच वळण

१२ ते १४ जानेवारी २०२४ असे तीन दिवस, दुपारी बारा ते एक, मरीन ड्राइव्हसमोरच्या आकाशात भारतीय हवाई दलाने कसरती केल्या. समुद्राकाठी येईल त्याला त्या फुकट पाहता आल्या. आम्हा जुन्नर-आंबेगावकरांना ती जागा परकी नाही. मुंबईच्या डबेवाल्यांतले कितीतरी जण याच दोन तालुक्यांतले, नाहीतर शेजारच्या खेड-मावळातले. पहिला दिवस शुक्रवार होता, आणि दुपारी बाराच्या सुमारास चर्चगेटच्या आसपास डबे पोहोचवण्याची घाई असते. त्या घाईतल्या माणसालाही मान वर केली की जे दिसतं, तेच खुर्चीवर बसलेल्या पाहुण्याला दिसतं. मला हवाई प्रदर्शनाची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

त्या कार्यक्रमात सुखोई लढाऊ विमान होतं, आकाशगंगा पथकाचे छत्रीधारी होते, सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं होती. सुखोई तर घरचंच म्हणायचं. पुण्याच्या लोहगाव तळावर ही विमानं असतात आणि ओझरच्या कारखान्यात ती बांधली गेली (आमचं विघ्नहराचं ओझर नव्हे, नाशिकजवळचं). पण लोक थांबतात ते सूर्यकिरणसाठी.

सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये कर्नाटकातल्या बिदरच्या तळावर उभं राहिलं. तेव्हा त्यांच्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सची ‘किरण’ विमानं होती. नव्या वैमानिकांना शिकवायला विमानं कमी पडू लागली, तेव्हा २०११ मध्ये पथकाची किरण त्या कामाला गेली आणि पथक थांबलं. निर्णय योग्यच होता. शिकणाऱ्यांचा हक्क आधी. २०१५ मध्ये ते हॉक विमानांवर पुन्हा सुरू झालं, आधी मोजक्या आणि पुढे नऊ विमानांवर. हॉक हेही शिकवण्याचंच विमान, लढाऊ वैमानिक घडवणारं. म्हणजे लढाईच्या विमानावर बसण्यापूर्वी तरुण वैमानिक ज्यावर हात बसवतात, त्याच जातीचं यंत्र आपण डोक्यावर पाहतो.

नऊ विमानं एकमेकांपासून पाच मीटरपेक्षाही जवळ उडतात. हे जमतं कसं? पुढचा एकटा प्रमुख क्षितिज, उंची, वारा, प्रेक्षक यांचं भान ठेवतो. बाकीच्यांची नजर शेजारच्या विमानावर खिळलेली असते. त्याच्या पंखावरची एखादी खूण आपल्याला अमुक कोनातच दिसली पाहिजे, एवढंच ते सांभाळतात आणि त्यासाठी नियंत्रणाच्या दांड्यावर हाताची बारीक हालचाल सतत चालू असते. जग उलटं झालं तरी त्यांना ते पाहायचं नसतं. म्हणून प्रमुखाचं प्रत्येक वळण एकसारख्या गतीचं असावं लागतं. त्याने हिसका दिला तर तो मागे जाता जाता वाढत जातो. विमानांमागे निघणारा पांढरा धूर म्हणजे इंजिनाच्या तापलेल्या झोतात सोडलेलं डिझेल. रंगीत धुरासाठीची यंत्रणा हवाई दलाच्या नाशिकच्या दुरुस्ती डेपोत तयार झाली, आणि ती करणाऱ्या तंत्रज्ञांचं नाव कुठल्याही टाळीत येत नाही.

या कसरतींची किंमत पथकाने मोजली आहे. मार्च २००६ मध्ये बिदरजवळ दोन वैमानिक गेले, जानेवारी २००९ मध्ये एक. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बेंगळुरूच्या येलहंका तळावर सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. तरीही प्रत्येक वेळी पथक पुन्हा उडालं. हे मुलांना दाखवायला नेताना सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मोठ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या अशाच कसरती पाहायला लाखो लोक जमले आणि ऊन-गर्दीत पाच जणांचा जीव गेला. प्रवेश फुकट ठेवला की पाणी, सावली आणि परतीच्या गाड्या यांची जबाबदारी दुप्पट होते. तिकीट लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आपणही टोपी, पाण्याची बाटली आणि लहानग्याच्या कानात घालायला कापूस न्यावा. खाण्याचं उष्टं उघड्यावर टाकू नये. त्यावर घारी-कावळे जमतात, आणि कमी उंचीवरून वेगाने येणाऱ्या विमानाला पक्ष्याची धडक जीवघेणी ठरू शकते.

हे सगळं आपल्या येडगाव किंवा डिंभे धरणाच्या पाण्यावर का होऊ नये, असा प्रश्न इथे सहज निघतो. डिंभ्याला डोंगर फार जवळ आहेत. येडगावचा परिसर मोकळा आहे, पण जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आकाशातले अतिशय क्षीण संदेश टिपते, आणि विमानांचे रेडिओ तिच्या कामात गोंगाट करतात. दोन्हींत निवड करायची तर मी दुर्बिणीची शांतता राखेन. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती दुर्बीणही सर्वांसाठी खुली होते. सूर्यकिरण पुन्हा मुंबईत आलं, की मात्र माळशेज उतरून कल्याणला लोकल पकडावी, आणि वेळेच्या बरंच आधी समुद्रावर पोहोचावं.